रात्रीची पडताळणी

यादी भाग एकशे सत्तावीस, सेलू.
नऊशे चौदा नावं.
त्यातलं कोण सासरी गेलं, कोण पुण्याला, कोण मातीत,
हे मला तहसीलच्या आधी कळतं;
अंगणवाडीत खिचडी वाढता वाढता
मी बीएलओ झाले, त्याला आता सहा वर्षं.

मेलेल्या माणसाचं नाव मी आपल्या हातानं खोडत नाही.
लेकाकडून अर्ज भरून घेते.
तो सही करताना थोडा थांबतो,
मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघते.

जिनिंगच्या भिंतीमागं घिसाड्यांची सात पालं.
लाडूबाई पडवळ घण हाणत होती,
नवरा लाल लोखंड फिरवत होता चिमट्यात.
"आमचं बी नाव घाल," घण न थांबवता म्हणाली.
घर नंबर?
"न्हाई."
लाइटबिल?
"लाइटच न्हाई."
मग राहता कशावरून?
तिनं घणानंच ऐरण दाखवली.
"हातभर गाडलीय. उपटून बघ."

ऐरणीला रकाना नव्हता.

तहसीलात अव्वल कारकुनानं चष्मा वर करून नियम वाचला:
ज्याला घर नाही, तो झोपतो ती जागा त्याचं घर.
मात्र रात्री जाऊन खात्री करावी.
एकदा नाही, एकाहून अधिक वेळा.

कुणी लिहिलं असेल हे?
कुठल्या तरी कचेरीत, पंख्याखाली बसून,
कुणाला तरी सुचलं असेल,
की झोप हाही एक पत्ता आहे.

"कामून जायलीस एवढ्या रातीला?" हे म्हणाले,
"नऊशे चौदाचे नऊशे तीस झाले
तर दिल्ली हलणारय का?"
म्हणाले, आणि गाडी काढली.

सरकीचा वास. कुत्री. माझी बॅटरी
एका पालातून दुसऱ्या पालात, चोरासारखी.
वाकळा तोकड्या, पाय बाहेर.
मी पाय मोजले आणि दोनानं भागले.
झोपलेल्या माणसाकडं असं बघू नये,
आई म्हणायची, आयुष्य कमी होतं.
लाडूबाई जागीच होती.
"मोज," म्हणाली. "भिऊ नको.
रातीचं सरकार आजवर यायचं
ते काठी आपटत, चोरी कुठं झाली इचारत.
नाव लिवायला पहिल्यांदाच आलंय."

दुसऱ्या खेपेला तीन पालं रिकामी.
मंठ्याच्या बाजाराला गेलेत, ती म्हणाली,
ऐरणी हितंच हायत.
मी खोटं लिहिलं नाही.
'आढळले नाहीत' असं लिहिलं,
आणि रात्रभर माझ्याच घरात
मला झोप आढळली नाही.
रविवारी पुन्हा गेले. होते सगळे.
सोळा.
नाही, सतरा; खंडू एक तारखेला अठराचा झालेला,
वाकळेतून डोकं काढून म्हणाला, "मी बी."

मतदानाच्या दिवशी शाळेबाहेर माझं टेबल.
लाडूबाई नवं लुगडं नेसून आली, अनवाणी.
आत तिच्या बोटावर शाई दिसेना:
जन्माचा कोळसा, त्यावर काळी रेघ.
मतदान अधिकाऱ्यानं रुमाल ओला करून बोट पुसलं,
पुन्हा लावली. पुन्हा तेच.
शेवटी तो हसला. ती हसली नाही.

बाहेर येऊन माझ्या टेबलापाशी उभी राहिली.
"झालं?"
झालं.
"मग नळ कधी येतो?"
मी सांगितलं, मत म्हणजे नळ नव्हे, लाडूबाई,
आता निवडून येईल त्याच्याकडं अर्ज करायचा,
पोच घ्यायची, महिन्यानं पुन्हा जायचं,
सभा असेल तेव्हा दारात बसायचं...
माझंच मला ते लांबलचक वाटायलं.

तिनं नीट ऐकलं.
कोळशाचं बोट माझ्या यादीवर टेकवलं,
आपल्या नावापाशी नाही, कोऱ्या जागेवर.
"येईल त्यो, पर त्यो झोपतो कुठं, ते ठावं हाय का तुला?
बॅटरी घे. आपुन रातीचं जाऊ.
एकदा न्हाई,
एकाहून जादा येळा."